फळ्यावर राहिलेलं गणित

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मराठीत ‘मी विचार केला’ असं आपण म्हणतो. पण ‘मी सुचलो’ असं कुणी म्हणत नाही. ‘मला सुचलं’ असं म्हणतात. भूक लागते, झोप येते, आठवण होते, तसंच सुचतं. म्हणजे व्याकरणानंच कबूल करून टाकलं आहे, की या कामात कर्ता मी नाही; मी फक्त पत्ता आहे, पत्र दुसरीकडूनच येतं. आम्हा कवी लोकांनी या व्याकरणाचा पुरेपूर फायदा घेतलेला आहे. कविता कशी सुचते, असं कुणी विचारलं की आम्ही आकाशाकडे बघतो आणि प्रश्न विचारणारा आदरानं गप्प बसतो. आज मात्र आकाशाकडे न बघता बोलायचं आहे. सुचण्याच्या आधी काय घडतं आणि घरातली मोठी माणसं ते घडू देतात की मोडून टाकतात, हा आजचा विषय.

बी.ए.ला मला मानसशास्त्र हा एक विषय होता. अध्ययनाच्या प्रकरणात दोन चित्रं असत. एकात पेटीत कोंडलेलं मांजर, दुसऱ्यात खोक्यावर खोकं रचून केळी काढणारा चिंपांझी. मांजराच्या खाली ‘प्रयत्न-प्रमाद’, चिंपांझीच्या खाली ‘मर्मदृष्टी’. डी.एड., बी.एड. केलेल्या मंडळींना ही जोडी पक्की आठवत असेल. ‘मर्मदृष्टीमूलक अध्ययनाची वैशिष्ट्ये लिहा’ हा हमखास येणारा प्रश्न आणि त्याचं उत्तर मुद्देसूद पाठ केलेलं. मर्मदृष्टी म्हणजे घोकंपट्टीच्या अगदी विरुद्ध टोकाची गोष्ट, आणि ती आपण पिढ्यान्‌पिढ्या घोकून लिहीत आलो! शब्द मात्र ज्यानं कुणी घडवला त्याला सलाम. नुसती दृष्टी नव्हे, मर्मावर पडलेली दृष्टी.

मांजराची गोष्ट अमेरिकेतली. एडवर्ड थॉर्नडाइक यानं १८९८ साली आपला प्रबंध प्रसिद्ध केला. भुकेल्या मांजराला पेटीत कोंडायचं, बाहेर खाणं ठेवायचं, आणि पेटीचं दार आतल्या एखाद्या दोरीला किंवा खटक्याला धक्का लागला की उघडेल अशी व्यवस्था करायची. मांजर ओरबाडतं, चावतं, फटींतून पंजे बाहेर काढतं. या धडपडीत कधीतरी खटका दबतो, दार उघडतं. पुन्हा कोंडलं की पुन्हा धडपड, पण थोडी कमी. असं होता होता मांजर आत गेल्याबरोबर खटका दाबू लागतं. थॉर्नडाइकचं म्हणणं असं, की यात समज वगैरे काही नाही. चुकीच्या हालचाली गळत जातात, उपयोगी पडलेली हालचाल ठसत जाते, इतकंच.

दुसरी गोष्ट वोल्फगांग कोहलर या जर्मन मानसशास्त्रज्ञाची. १९१३ च्या अखेरीस तो आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या टेनेरिफ या स्पॅनिश बेटावर चिंपांझींचा अभ्यास करायला गेला. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटलं आणि स्वारी तिथंच अडकली, ती १९२० पर्यंत. या सक्तीच्या मुक्कामात त्यानं जे पाहिलं ते १९१७ साली पुस्तकरूपानं आलं. त्यातला सर्वांत हुशार चिंपांझी म्हणजे सुलतान. पिंजऱ्याबाहेर केळं ठेवलेलं, आत दोन पोकळ कळकाच्या काठ्या. एकही काठी केळ्यापर्यंत पोचत नाही. एक काठी दुसरीपेक्षा बारीक, म्हणजे तिच्यात बसू शकेल अशी. सुलताननं तासाहून जास्त वेळ नाना खटपटी केल्या. कोहलरनं त्याच्या नाकासमोर एका काठीच्या भोकात बोट घालून दाखवलं, तरी उपयोग झाला नाही. अखेर हा प्रयोग फसला असं ठरवून कोहलर निघून गेला आणि राखणदार तेवढा बघत राहिला. सुलतान केळ्याचा नाद सोडून काठ्यांशी उगीच खेळत बसला होता. खेळता खेळता दोन हातांतल्या दोन काठ्या एका रेषेत आल्या. त्यानं बारकी काठी जाडीत सरकवली, उठला, गजांकडे धावला आणि केळं ओढून घेतलं.

आमच्या पाठ्यपुस्तकात यातली दोन वाक्यं वगळली जात: तास वाया गेला, हे एक, आणि काठ्या जुळल्या त्या क्षणी सुलतान केळ्याकडे नव्हे तर काठ्यांकडे बघत होता, हे दुसरं. पुस्तकातला सुलतान जरासा डोकं खाजवतो आणि त्याला एकदम सुचतं. आर्किमिडीजचंही आपण असंच करून ठेवलं आहे. त्याची टबातली गोष्ट व्हित्रुव्हियस या रोमन लेखकानं लिहिली, ती आर्किमिडीजच्या मृत्यूनंतर दोनेकशे वर्षांनी. तिच्यातही तो आधीपासून मुकुटाच्या सोन्याचा विचार करत होता असं म्हटलं आहे. आपण लक्षात ठेवलं ते त्याचं उघड्यानं धावत सुटणं.

कोहलरनं थॉर्नडाइकवर एक आक्षेप घेतला होता, तो मला या सगळ्या वादातला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो. त्याचं म्हणणं असं, की पेटीतल्या मांजराला खटका आणि दार यांचा संबंध दिसतच नव्हता. यंत्रणा झाकलेली. मग ते समजून कशाच्या आधारावर वागणार? ज्याला प्रश्नाचा सगळा पसारा दिसत नाही तो आंधळेपणानं धडपडणारच. समज हवी असेल तर आधी सगळं नजरेच्या टप्प्यात ठेवा. कोहलर ज्या गटाचा होता त्याला मराठी पुस्तकांत समष्टिवादी म्हणतात. सुट्या तुकड्यांपेक्षा त्यांची एकमेकांशी असलेली जुळणी आधी बघायची, हा त्यांचा आग्रह.

याचं एक रोजचं उदाहरण आमच्या दारात आहे. मी बावधनला राहतो. गावाच्या तोंडाशी चांदणी चौक. तिथला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्री स्फोटकं लावून पाडला, आणि उड्डाणपुलांची नवी रचना १२ ऑगस्ट २०२३ रोजी सुरू झाली. या रचनेत नवखा माणूस पहिल्यांदा शिरला की गोंधळतो. कारण जिथं जायचं ते समोर दिसत असतं आणि रस्ता आपल्याला त्याच्याकडे पाठ करून भलतीकडेच नेऊ लागतो. कोहलरनं अशीच एक कसोटी घेतली होती. जाळीच्या पलीकडे खाणं ठेवलं की कोंबडी जाळीला चोच लावून इकडून तिकडे धावत राहते. तिला खाण्यापासून दूर जाणं जमत नाही. कुत्रा मात्र क्षणभर थांबतो, वळतो आणि जाळीला वळसा घालून पलीकडे पोचतो. उत्तरापासून दूर जाणारी वाटच उत्तराकडे जाते, हे कळायला पूर्ण नकाशा डोळ्यांसमोर यावा लागतो. चांदणी चौकात आम्ही सगळे सुरुवातीचे काही दिवस कोंबड्या होतो!

आता चिंपांझींना त्यांच्या बेटावर ठेवून माणसांकडे येऊ. आपल्या मराठीतच या विषयाचं एक उत्तम उदाहरण आहे आणि ते कुठल्या प्रयोगशाळेतलं नाही, बनारसमधल्या एका घरातलं आहे. डॉ. जयंत नारळीकर यांचा जन्म १९३८ चा, कोल्हापूरचा. वडील विष्णू वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक, आई सुमती संस्कृतच्या जाणकार. घरात जयंत आणि अनंत या दोघा भावांना लिहायला, रेघोट्या ओढायला भिंतीवर फळे करून दिलेले होते. आईचे भाऊ मोरेश्वर हुजूरबाजार एम.एस्सी. करायला बनारसला आले आणि बहिणीकडे राहिले. भाच्याला गणिताची आवड आहे हे मोरूमामांनी हेरलं. ते फळ्यावर एखादं गणित किंवा कोडं लिहीत आणि वर मथळा घालत: ‘चॅलेंज प्रॉब्लेम फॉर जे.व्ही.एन.’ ते गणित जयंत सोडवीपर्यंत किंवा हार मान्य करीपर्यंत फळ्यावर तसंच राहत असे. नारळीकरांनी ही आठवण लिहिली आहे, अनेकदा सांगितली आहे. त्यांच्या ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्राला २०१४ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा पुष्कळांनी वाचलीही असेल.

या गोष्टीत लोकांना मामाचं कौतुक वाटतं ते आव्हान देण्याचं. मला वाटतं ते फळा न पुसण्याचं. गणित भिंतीवर आहे. मुलगा दूध पिताना ते दिसतं, शाळेतून आल्यावर दिसतं, झोपायला जाताना दिसतं. त्याच्याशी झटलंच पाहिजे असं नाही, पण ते नजरेआड होत नाही. कोहलरची अट, सगळं नजरेच्या टप्प्यात हवं, ती मोरूमामांनी खडूच्या एका तुकड्यानं पुरी केली. तिथं घड्याळ नव्हतं, गुण नव्हते, शेजारच्या मुलाला किती वेळात आलं हा हिशेब नव्हता. आणि हरायची सोय होती. ‘नाही येत’ म्हटलं की मामा रीत समजावून देणार, आणि पुढे फळ्यावर नवं गणित येणार. हरण्याला शिक्षा नसली की मूल हार मानायची घाई करत नाही, हे शिक्षकांनी मुद्दाम लक्षात घ्यावं.

आता आपल्या घरांतला देखावा बघा. मूल वहीवर पेन टेकवून दोन मिनिटं थांबलं की आई-बाबांचा जीव खालीवर होतो. ‘अरे, बसलास काय नुसता? सोड की!’ मग ‘सर शिकवतात ती स्टेप’ सांगून मोकळे. हल्ली तर गणिताचा फोटो काढला की फोनच उत्तर देतो, पायऱ्यांसकट. फोनला मी नावं ठेवत नाही. गाईडं आणि ‘अपेक्षित’ प्रश्नसंच त्याच्या कितीतरी आधीपासून हेच काम करत आले आहेत. पण ती दोन मिनिटं खर्ची न घालता मिळालेलं उत्तर परीक्षेपुरतं राहतं.

जॅनेट मेटकाफ आणि डेव्हिड वीब या दोघांनी १९८७ साली याच थांबण्याचा छान अभ्यास केला. माणसांना गणितं आणि कोडी घालून ठरावीक सेकंदांनी विचारायचं, की उत्तराच्या किती जवळ आल्यासारखं वाटतं? साध्या बीजगणितात ‘जवळ येतोय, जवळ येतोय’ अशी चढण दिसली. युक्तीच्या कोड्यांत मात्र तसं नव्हतं. उत्तर मिळायच्या जरा आधीपर्यंत माणूस ‘काहीच सुचत नाही’ म्हणत होता. तेव्हा मुलाला दर मिनिटाला ‘काही सुचतंय का?’ विचारण्यात अर्थ नाही. त्याचं त्यालाच ठाऊक नसतं.

पण नुसतं वाट बघून सुचतं का? नाही, आणि इथं कोहलरच्या गोष्टीलाही एक दुरुस्ती करावी लागली. १९४५ साली हर्बर्ट बर्च यानं सहा लहान चिंपांझींसमोर काठीनं खाणं ओढण्याचं कोडं ठेवलं. दोघांना ते जमलं. त्यांतल्या एकाला काठ्या हाताळायची सवय आधीपासूनच होती आणि दुसऱ्याचं योगायोगानं जुळलं. उरलेले चौघे अर्धा अर्धा तास बसून राहिले. मग तीन दिवस त्यांच्या आवारात काठ्या टाकून ठेवल्या. कुणी काही शिकवलं नाही. त्यांनी काठ्यांनी टोचलं, खाजवलं, एकमेकांना ढोसलं. तीन दिवसांनी पुन्हा तेच कोडं, आणि आता सगळ्यांनी ते वीस सेकंदांच्या आत सोडवलं. म्हणजे मर्मदृष्टीच्या पायाखाली खेळाची माती असते. मांजर आणि चिंपांझी ही पाठ्यपुस्तकातली दोन वेगळी चित्रं खरं तर एकाच वाटेवरचे दोन टप्पे असावेत.

उर्दू काव्यशास्त्रात यासाठी दोन शब्द आहेत, ‘आमद’ आणि ‘आवर्द’. आपसूक आलेला शेर तो आमद, ओढून-जुळवून आणलेला तो आवर्द. आमदचा मान अर्थातच मोठा. पण जुनी उस्ताद मंडळी नवशिक्याला आमदची वाट बघायला सांगत नसत. आठव्या शतकातल्या अबू नुवास या अरबी कवीची एक आख्यायिका आहे. त्यानं गुरू खलफ अल्-अहमर याच्याकडे कविता करायची परवानगी मागितली. गुरू म्हणाला, आधी जुन्या हजार कविता पाठ कर. त्या पाठ करून आला, म्हणून दाखवल्या. गुरू म्हणाला, आता त्या विसर. हे पहिल्यापेक्षा अवघड! तो कुठंशा मठात जाऊन राहिला, विसरून परत आला, तेव्हा परवानगी मिळाली. घोकंपट्टीला मी वर हसलो, पण पाठांतराला हसत नाही. पाठ केलेलं ओठांवरून खाली उतरून मुरायला अवधी मिळाला तर त्याच्या काठ्या होतात. आपण पाठ करतो आणि मुरायच्या आत पेपरात ओतून टाकतो.

मात्र सवय मदत करते तशी डोळे बांधतेही. अब्राहम लचिन्स यानं १९४२ साली घातलेलं एक कोडं आपल्या दुधाच्या मापांवर आणून सांगतो, कागद घ्या. तीन मापं आहेत: २१, १२७ आणि ३ पेल्यांची. मोजायचे आहेत बरोबर १०० पेले. मोठं भरा, त्यातून २१ काढा, मग ३ चं माप दोनदा काढा. उरले १००. पुढचं: १४, १६३ आणि २५, हवेत ९९. तीच रीत, मोठ्यातून पहिलं एकदा, तिसरं दोनदा. अशी चार-पाच सोडवल्यावर हे घ्या: २३, ४९ आणि ३, हवेत २०. बहुतेक जण झटक्यात तीच रीत लावतात, आणि उत्तर बरोबर येतं! पण २३ मधून एकदा ३ काढले की २० राहतात, मोठ्या मापाला हात लावायचं कारणच नाही, हे पुढ्यात असून दिसत नाही. ज्यांनी आधीची गणितं सोडवलेली नसतात त्यांना ते लगेच दिसतं. उत्तर बरोबर आल्यामुळे ही चूक लाल शाईत कधी सापडत नाही.

वस्तूंचंही तसंच. कोहलरच्या परंपरेतल्या कार्ल डुंकर यानं १९३५ च्या आपल्या ग्रंथात दाखवलं, की माणूस वस्तूला तिच्या नेहमीच्या कामाशी जखडून टाकतो. दारावर मेणबत्ती उभी करायची आहे, जवळ टाचण्या भरलेली डबी आहे. डबी रिकामी करून दारावर टोचली की तिची फळी होते. पण टाचण्यांनी भरलेली डबी ही टाचण्या ठेवायचीच गोष्ट वाटते. तीच डबी रिकामी पुढे ठेवली तर जास्त लोकांना युक्ती सापडते.

आमच्या बावधनात गेली कित्येक वर्षं इमारतींची कामं चालू आहेत. त्या बांधकामांवरच्या मजुरांची मुलं झिजलेल्या रबरी चपलांची गोल चाकं कापतात, तारेचा कणा करतात आणि गाडी वाळूच्या ढिगावर पळवतात. चप्पल ही पायात घालायची वस्तू आहे, हे त्यांच्या हातांना मान्य नाही. यावरून गरिबीनं बुद्धी येते असा सोयीस्कर निष्कर्ष मात्र काढू नये. त्या मुलांनाही फळा हवा, मामा हवा आणि बांधकाम संपल्यावर न सुटणारी शाळा हवी. आपल्या घरातल्या मुलांना हव्यात त्या झिजलेल्या चपला.

ही देवघेव ज्यांनी आयुष्यभर केली ते अरविंद गुप्ता पुण्यात बरीच वर्षं होते. आय.आय.टी. कानपूरचे इंजिनिअर, टेल्कोत नोकरी. १९७८ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या कामात गेले आणि परत कारखान्यात रमले नाहीत. सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी घेऊन तिचे तुकडे त्यांनी आगकाड्यांचे सांधे म्हणून वापरले. नळीच्या तुकड्यात काड्या खोचल्या की त्रिकोण होतो, चौकोन होतो. चौकोन दाबला तर लवंडतो, त्रिकोण लवंडत नाही हे बोटांना कळतं. आणखी सांधे जोडले की काड्या टेबलावरून उठून उभ्या राहतात. पुढे नारळीकरांनी उभारलेल्या ‘आयुका’मध्ये, पु. ल. देशपांडे फाउंडेशनच्या मदतीतून झालेल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत, २००३ ते २०१४ पर्यंत त्यांनी कचऱ्यातून खेळणी करायला मुलांना शिकवलं. भारत सरकारनं २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री दिली. मोरूमामांचा फळा आणि या काड्या एकाच आवारात यायला निम्मं शतक जावं लागलं.

नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. त्यांच्याकडे स्वाक्षरी मागायला येणाऱ्या मुलांना ते वहीवर सही देत नसत. पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली माझी सही येईल, असं सांगत. सही हवी असेल तर आधी घरी जाऊन प्रश्न शोधायचा! मामानं फळ्यावर लिहिलं ते भाच्यानं पन्नास पैशांच्या कार्डावर पोचवलं.

भाषणाची वेळ संपत आली. जाता जाता एक गणित भिंतीवर ठेवतो. मोठ्यांनी आधी सोडवून मुलांना सांगायचं नाही. आगपेटीतल्या सारख्या लांबीच्या सहा काड्या घ्या. काडी मोडायची नाही, एकीवर एक आडवी टाकायची नाही. सहा काड्यांत चार त्रिकोण करायचे, चारही सारखे, आणि प्रत्येकाची प्रत्येक बाजू पूर्ण एका काडीची. उत्तर पुढच्या रविवारीही छापू नये, अशी संपादकांना विनंती आहे.